नजल्याची दृष्ट

मी एकदा नवऱ्याच्या सर्दीची दृष्ट काढली होती. मीठ, मोहरी, लाल मिरच्या, सगळं रीतसर. आणि त्यात अख्खी गल्ली खोकायला लावली होती.

हसून घ्या. मीही हसते. तेव्हाची ती पोरगी आज समोर आली तर पाटावर बसवून विचारीन, "बाई गं, सकाळी कान धुतले होतेस का?" चूक अकलेची होती असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या अकलेला कोण नावं ठेवतं! चूक कानाची होती.

हे आता आठवायचं कारण माझी नात. गेल्या हिवाळ्यात तिची रेडिओवर निवेदिकेच्या जागेसाठी आवाजाची चाचणी होती, आणि आदल्या दिवशी सकाळीच तिच्या नाकानं संप पुकारला. लहानपणी ही पोर माझ्या स्वयंपाकघरात पळी तोंडासमोर धरून बातम्या द्यायची. वरणाला फोडणी बसली तरी "ताजी बातमी" म्हणून अख्ख्या घराला ऐकवायची. मोठी झाली तरी ते खूळ गेलं नाही. आधीच्या खेपेला तिला पहिल्याच फेरीतून घरी पाठवलं होतं. पुन्हा जागा निघायला किती वाट बघावी लागली ते तिचं तिलाच माहीत. आणि आता दारात आलेली संधी नाकात अडकली.

गारखेड्यात आमच्या रस्त्यावर पाण्याच्या पाइपलाइनचं खोदकाम चाललेलं. धूळ अशी की खिडकीच्या गजावर बोटानं नाव लिहावं. त्या धुळीनं आधी शिंका आल्या, मग सर्दी, मग सर्दी बाहेर यायची थांबली आणि कपाळात मुक्काम ठोकून बसली. सकाळी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आज्जी, बाझं दाक बंद झालंय."

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. 'म'चा 'ब' झाला होता आणि 'न'चा 'द'.

"वाच बरं काहीतरी," मी म्हणाले.

तिनं सरावाचा कागद धरला. "दबस्कार बंडळी. आजचं हवाबाद..."

पेपराच्या आडून तिच्या आजोबांनी मान बाहेर काढली. "हवाबाद? हा कोणता नवा तालुका निघाला?"

झालं. पोर रडायलाच लागली. रडलं की नाक आणखी चोंदतं, हे त्या माणसाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नाही. मी त्यांच्याकडं असं बघितलं की पेपर पुन्हा वर गेला.

आता मला काय करायचं ते ठाऊक होतं. कसं ठाऊक झालं, त्यासाठी आधी त्या मिरच्यांची गोष्ट सांगावी लागेल.

लग्न होऊन मी फुलंब्रीकडच्या खेड्यातून मुकुंदवाडीला आले. स्टेशनजवळ भाड्याच्या खोल्या, मागं छोटंसं अंगण आणि अंगणाला एक बुटकी भिंत. भिंतीपलीकडं खाला राहायची. वयानं माझ्याहून मोठी, पोराबाळांची. सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. ती दखनी बोलायची, मी खेड्यातली मराठी. 'नक्को', 'जल्दी', 'कायकू' एवढे शब्द दोघींचे. बाकीचं मी अंदाजानं धरायची. आणि वर माहेरी जाऊन ऐट मारायची, "मला खालाची भाषा समदी येते." काय येत होती ते पुढं कळेलच.

त्या थंडीत नवऱ्याला सर्दी झाली. साधी सर्दी असती तर गेली असती. ही वर चढली. कपाळ ठणकायचं, डोळ्यांच्या मागं दुखायचं, बुटाची नाडी बांधायला वाकले की दोन्ही हातांनी गाल धरायचे. "वाकलं की तोंडावर कुणी वीट ठेवल्यासारखं व्हतंय," म्हणायचे. सायनस हा शब्द तेव्हा आमच्या घरात आला नव्हता. मलाही सर्दी झाली होती, पण नवऱ्याच्या दुखण्यापुढं आपल्या दुखण्याला विचारतो कोण.

भिंतीवरून खालानं त्यांना पाहिलं आणि मला हाक मारली. "ए दुल्हन, नजला है ये. जम गया है. उतारना पडता."

मी ऐकलं, "नजर है ये."

'नजला' हा शब्द मी कधी ऐकलेलाच नव्हता. तुंबलेल्या सर्दीला उर्दूत नजला म्हणतात, हे मला कोण सांगणार? नजर मात्र ओळखीची. ती 'उतारना' म्हणाली, आमच्यातही दृष्ट उतरवतातच. सगळं कसं चपखल बसलं! आणि गुन्हेगारसुद्धा लगेच सापडला. आदल्या आठवड्यात कोपऱ्यावरची एक बाई ह्यांच्याकडं बघत म्हणाली होती, "काय गं बाई स्वेटर विणलास, नवरा किती गोरा दिसतोय!" तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. हे काही गोरे नव्हतेच मुळी, मग म्हणाली कशाला?

संध्याकाळी मी ह्यांना मागच्या दारात पाटावर बसवलं. मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या, अंगावरून ओवाळल्या आणि अंगणातल्या शेगडीत टाकल्या. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दृष्ट काढताना मिरच्या जळाल्या आणि ठसका लागला, तर दृष्ट नव्हती असं समजायचं. ठसका लागला नाही तर मात्र दृष्ट होती, नक्की होती.

मिरच्या तडतडल्या. ह्यांना ठसका नाही. मलाही नाही. साधा वाससुद्धा नाही.

"बाप रे," मी म्हणाले, "केवढी दृष्ट ही!"

आणखी मिरच्या टाकल्या. काहीच नाही. वर्षाच्या साठवणीची बरणी आणून उरलेल्या मिरच्याही ओतल्या. दोघांची नाकं बंद आहेत म्हणून वास येत नाही, हे त्या शहाणीच्या डोक्यात आलं नाही. आणि वारा धूर घराकडं न आणता सरळ भिंतीपलीकडं नेतोय, हेही नाही. ती आपली त्या स्वेटरवाल्या बाईच्या डोळ्यांच्या ताकदीवर थक्क होऊन बसली होती.

आधी भिंतीपलीकडून एक खोकला आला. मग पोरांचे. मग दोन घरं सोडून म्हाताऱ्याचा. मग गल्लीतली कुत्रीसुद्धा शिंकायला लागली, असं हे आजही शपथेवर सांगतात. तोंडाला ओढणी बांधून खाला धावत आली.

"अगे अम्मा! क्या जला रई तू? मेरे घर में सब खांस-खांस के मर रे!"

"तुमीच तो बोले खाला! नजर है, उतारना पडता!"

खालानं ओढणी तोंडावरून खाली ओढली. "नजर कब बोली मैं? नजला बोली, नजला! नाक का नजला!"

तेवढ्यात ह्यांना हसू फुटलं. हसताना गाल दुखायचे, म्हणून गाल धरून हसत होते. "हसवू नका गं," म्हणाले, "डोकं फुटंल माझं."

खालानं शेगडीवर पाणी ओतून ती विझवली आणि मला बाजूला सारून स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पातेल्यात पाणी उकळलं, ओवा आणि पुदिना टाकला, मग ते पातेलं चुलीवरून उतरवून जमिनीवर चुंबळीत नीट बसवलं. मी लगेच ह्यांचं डोकं धरून पातेल्यात घालायला निघाले. तिनं माझ्या हातावर चापट मारली. "थांब गे! शौहर है तेरा, बटाटा नक्को समझ." आधी वाफेवर स्वतःचा हात धरून पाहिला, चटका बसेनासा झाला तेव्हा ह्यांना बसवलं, डोक्यावरून टॉवेल टाकला आणि सांगितलं, तोंड लांब ठेवा, डोळे मिटा, नाकानं सावकाश ओढा. मधे टॉवेल उचलून मोकळी हवा घ्यायला लावली. त्यानंतर गरम पाण्यात पिळलेलं फडकं गालांवर आणि कपाळावर. मग तव्यावर ओवा शेकवून सुती कापडात पुरचुंडी बांधली, आधी मनगटावर टेकवून पाहिली, आणि हुंगायला दिली.

थोड्या वेळानं ह्यांच्या नाकातून एक आवाज आला. मोरीचं तुंबलेलं पाणी वाट सापडल्यावर करतं ना, तसा. ह्यांनी रुमालात नाक शिंकरलं, मान वर केली, श्वास ओढला आणि म्हणाले, "अगं, मिरच्या कुणी जाळल्या गं?"

आणि असा ठसका लागला म्हणता!

मी टाळ्या वाजवल्या. "लागला! ठसका लागला! उतरली दृष्ट!"

खाला कपाळाला हात लावून खालीच बसली.

त्या दिवसापासून गल्लीत माझं नाव मिरची पडलं ते पडलंच. पण मी खालाचा पिच्छा सोडला नाही. तिच्याकडून सगळं शिकले. मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं तेही. "हम तो वजू में रोज नाक में पानी लेते," नमाजाआधीच्या हातपाय-तोंड धुण्याबद्दल ती म्हणायची, आणि ओंजळीतून पाणी हलकेच नाकात घेऊन बाहेर कसं सोडायचं ते दाखवायची. नजल्यासाठी मात्र पाणी उकळून कोमट केलेलं आणि त्यात चिमूट मीठ. नळाचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही, यावर ती फार कडक होती. मीही तिला एक गोष्ट शिकवली, रिकाम्या हातानं कशी शिकणार? आमच्या माहेरचं हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळायचे, पातळ शिजवायचे, वर लसूण आणि मिऱ्याची फोडणी. एक वाटी पोटात गेली की नाक आपोआप वाहतं.

तर आता पुन्हा गेल्या हिवाळ्यातल्या त्या सकाळी. स्वयंपाकघरात माझी नात, डोळे लाल, नाक लाल, हातात नाकात घालायच्या थेंबांची बाटली.

"ठेव ती बाटली," मी म्हणाले.

"आज्जी, दुसतं एकदा टाकते दा."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

तोंड वाकडं करून तिनं बाटली पाठीमागं लपवली. डॉक्टरांनी तिला तपासलं होतं. ताप नाही, घाबरण्यासारखं काही नाही, पण थेंब आता बंद कर, फार दिवस टाकले की नाक उलट जास्त चोंदतं, असं बजावलं होतं. घरी वाफ घे, मिठाच्या पाण्यानं नाक धू, म्हणाले होते. ताप असता, डोळ्याला सूज असती, तर मी कशाला माझी पुरचुंडी घेऊन बसले असते? सरळ परत दवाखान्यात नेलं असतं. मिरच्या जाळून मी एवढं तरी शिकलेय.

"पण उद्या आहे आज्जी. उद्या! एवढ्यात कसं व्हईल?"

"व्हईल. मी सांगते ते वाक्य म्हण. मनमाडच्या मामीनं नऊवारी नेसून मेथी निवडली."

"हे काय?"

"तुझं थर्मामीटर. म्हण."

"बदबाडच्या बाबीदं दऊवारी देसूद बेथी दिवडली."

पेपर थरथरायला लागला. त्यामागून हुंदक्यासारखा आवाज येत होता. मी लाटणं टेबलावर आपटलं. पेपर स्थिर झाला.

नेमका आमच्याकडं नळ येण्याचा दिवस होता, म्हणून पाण्याची तंगी नव्हती. नाहीतर या शहरात वाफ घ्यायलासुद्धा पाण्याचा दिवस बघावा लागतो. पातेलं ठेवलं, ओवा, पुदिना. उतरवलं, चुंबळीत बसवलं. पोरगी कुरकुरली, केस खराब होतील, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतील. मी म्हणाले, "रेडिओवर जायचंय का टीव्हीवर?" गेली टॉवेलखाली.

पहिल्या वाफेनं काही झालं नाही. गरम फडक्यानं कपाळ जरा हलकं झालं, तेवढंच. वाक्य म्हणायला लावलं, अजून बाबीच बेथी निवडत होती. पोरीचा धीर सुटत चालला. दुपारी तिला माडगं पाजलं. दोन घोट घेतले आणि डोळ्यांतून, नाकातून धार लागली. "आज्जी, हे माडगं आहे का शिक्षा?" म्हणाली. माझ्या कानानं बरोब्बर पकडलं. 'माडगं'! बाडगं नाही, माडगं! आजोबांनीही पकडलं असणार, कारण पेपर खाली आला.

संध्याकाळी मिठाचं पाणी. ओंजळीतून घेताना आधी ठसकली, मग जमलं. एका नाकपुडीतून घेतलं, सोडलं, हलकं शिंकरलं. जोरात नाही, जोरात शिंकरलं की कानात दडे बसतात. परत एक वाफ. मग ओव्याची पुरचुंडी हातात देऊन तिला दोन उशांवर टेकून बसवलं. आडवं पडलं की सगळं पुन्हा कपाळात साचतं. मी शेजारी मेथी निवडत बसले. मुद्दाम. वाक्यातली.

"मनमाडच्या मामीनं," ती पुटपुटली. मग थांबली. डोळे मोठे झाले. "आज्जी! मामीनं म्हणाले मी!"

"पुढं म्हण."

"दऊवारी... नऊवारी देसून... नेसून! नेसून मेथी निवडली! आज्जी, निवडली!"

"निवडली बाई, मीच निवडली अख्खी जुडी, तू कुठं हात लावलास?"

आजोबा उठून उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "आता हवाबाद म्हण." ती म्हणाली, "हवामान." ते म्हणाले, "गेला आमचा तालुका." या वेळी पोर हसली. गाल न धरता.

सकाळी निघताना तिनं गळ्याला मफलर, तोंडाला धुळीसाठी रुमाल आणि थर्मासमध्ये कोमट पाणी घेतलं. रुमालाच्या टोकाला पुरचुंडी मीच बांधून दिली. रिक्षात बसताना वास घेत होती, रिक्षावाला मागं वळून म्हणाला म्हणे, "ताई, कुठं भजी तळतायत का?"

दुपारी फोन आला. "आज्जी," तिचा आवाज आला. मला वाटलं, आता ही रडणार आणि रडून नाक बंद करणार.

"मनमाडच्या मामीनं," ती म्हणाली, "नोकरी मिळवली!"

मी तो फोन ह्यांच्या कानाला लावला, कारण मला बोलता येईना. माझंच नाक चोंदलं होतं.

तिचा पहिला कार्यक्रम लागला त्या सकाळी आम्ही दोघं मोबाइल टेबलावर मधोमध ठेवून बसलो. खालालाही आधीच सांगून ठेवलं होतं. ती आता फार थकली आहे, गुडघे चालत नाहीत, मुकुंदवाडीतच मुलाकडं असते, पण कान मात्र माझ्या तरुणपणीच्या कानांपेक्षा कितीतरी चांगले. घरातल्या सगळ्यांना गप्प करून बसली होती म्हणे.

"नमस्कार मंडळी," माझी नात म्हणाली. आकाशातून आल्यासारखा स्वच्छ आवाज. 'न' नाकातून, 'म' नाकातून, मंडळीतला अनुस्वारसुद्धा घंटेसारखा. "आजचं हवामान कोरडं राहील." मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि म्हणाले, "धूळ लई झालीय घरात." मी म्हणाले, "व्हय, लई."

कार्यक्रम संपतो न संपतो तोच फोन वाजला. खाला होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट म्हणाली, "सुनी मैं. पोट्टी का नजला उतर गया. अब नजर उतार उसकी, मगर मिरच्यां कू हात नक्को लगा!"